चंदीच्या औषधाची नळी

मी बांबूची नळी बोलतेय. होळी नावाच्या गावात, केळीच्या वाडीकडेला एक आल्बिना राहते. घरात तिची सून मार्था, मार्थाचा तान्हा जॉन, आणि दारात शेळी चंदी. जगाची मोठी लढाई नुकती संपलेली, साखरसुद्धा रेशनवर.

शेळीला औषध पाजायला म्हणून आल्बिनाच्या घरवाल्याने मला कापलं, तोंड तिरकं छाटून दगडावर गुळगुळीत केलं. तो देवाघरी गेला, आणि माझ्यात मीठ भरून मला चुलीपाशी टांगून टाकलं.

बाळंतपणात मार्थाला ताप आला नि तिचं दूध आटलं. जॉन चंदीवर जगला. पण पावसाळा सरता सरता चंदीही आटू लागली. केस राठ झाले, हगवण लागली, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली.

“हिरवं खाईल तर रक्त भरेल,” म्हणत आल्बिना तिला पहाटेच पाटाकडेच्या ओल्या गवतात बांधायची. चंदी जेवढं खाई तेवढी खंगत जाई.

शेवटी सुजेवर डाग द्यायला आल्बिनाने आचोळे गावच्या नथूला बोलावलं. तो शेळ्यांचा कळप राखायचा. विळा चुलीत तापत होता. नथूने आधी चंदीची पापणी ओढून पाहिली.

“माय, आत पांढरं फट्ट हाय. हिचं रगत पोटातले जंत पितात. डाग कोनाला देतेस?”

“जंत? माझी चंदी रानीसारखी खाते!”

“रानी दवात चरते ना! जंताची पिल्लं ओल्या पातीवर चढून बसतात. ताट तू वाढतेस, जेवतात ते.”

कितीतरी दिवसांनी मार्था हसली. आल्बिनाने विळा चुलीतून काढून पाण्यात बुडवला.

माझ्यातलं मीठ काढून मला धुतलं. नथूने गुरांच्या दवाखान्यातून आणलेलं जंताचं औषध माझ्यात ओतलं. मार्थाने चंदीला धरलं.

“मान ताणू नको गो, ठसका लागेल,” नथू म्हणाला.

मी चंदीच्या गालात शिरले. तिने मला असं चावलं की तो वण अजून आहे. पुढे नथूने सांगितलं तेव्हा पुन्हा पाजलं. पाटाकडचं गवत बंद झालं. फणसाचा पाला उंच फांदीला टांगायचा, आणि दव सुकल्यावरच शेळी सोडायची.

हळूहळू जबडा उतरला. दूध आधी वाटीभर, मग तांब्याभर आलं.

बायांनो, मला औषधासाठीच धुऊन कोरडी ठेवा. मीठ काय, कशातही मावतं.

परवा रांगता जॉन मला घेऊन बसला नि चावू लागला. “अगो मार्था, पोराच्या तोंडात शेळीची नळी!” आल्बिना ओरडली. चंदीच्या वणाशेजारी आता दोन इवले दात उमटलेत. तिच्याच दुधावर आलेले.