चुकून उलटी छापलेली काच

मित्रांनो, मी एक चुकलेली काच आहे. वहीच्या पानाएवढी. माझ्या पाठीवर एक आई आणि तिची मुलगी गालाला गाल लावून हसत आहेत. मग चुकले कुठे, ते सांगते.

वाळू वितळून मी झाले, हे तुम्ही शाळेत शिकला असालच. पुढे एका मोठ्या काचेतून मला कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मी सोनईला एंजेलाताईंच्या घरी आले. लोक मोबाईलवरून आपले फोटो पाठवतात, ताई ते काचेवर छापून कुरिअरने घरपोच करतात. दुकान नाही, पाटी नाही. अंगणाकडची एक खोली, छपाईचे एक यंत्र आणि मदतीला धाकटा भाऊ रॉबिन, एवढाच त्यांचा कारखाना. दोन महिने मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या शेजारणी एकेक करून गेल्या. कुणावर नवरा-नवरी, कुणावर बैलजोडी, एकीवर तर नुसते कुत्रे! माझ्यावर कोण येणार, याची मला मोठी उत्सुकता होती.

एका सकाळी पाथर्डीकडच्या वस्तीवरून निकिताचा फोटो आला. निकिता सातवीत आहे. तिचे आईवडील, लंकाबाई आणि अंगद, दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते सहा महिन्यांनी परततात. तेवढे दिवस ती आत्याकडे राहून शाळा करते. तिने लिहिले होते, "ताई, आई रविवारी निघणार. त्याआधी काच पाहिजे. मग मी ती उशाशी ठेवीन."

आता छपाईतली एक गंमत ऐका. रंग माझ्या पाठीवर लागतो, पण फोटो पुढून, माझ्या अंगातून पाहायचा असतो. म्हणून तो डावे-उजवे उलटे करून छापावा लागतो, तेव्हा पुढून सुलट दिसतो. रविवारआधी काच पोचवायच्या घाईत ताई नेमके तेच विसरल्या. वर पांढऱ्या रंगाचा थरही बसला. दोन हसरी तोंडे पाहून कुणाला शंका आली नाही. मीही खुशीत खोक्यात बसले.

शनिवारी निकिताने खोके उघडले. आनंदाने ओरडली आणि मला डोळ्यांजवळ धरून निरखू लागली. मग तिने फोन लावला.

"ताई, आईचा तीळ दुसऱ्याच गालावर गेलाय!"

पलीकडून ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे, बाळा. उद्या गाडी निघायच्या आत मी स्वतः नवी काच घेऊन येते."

चुकलेली काच आईला दिसू नये म्हणून निकिताने मला पुन्हा खोक्यात ठेवले. रविवारी वस्तीवर ट्रॅक्टर उभा होता. भांडी, गोधड्या, शेळीसुद्धा चढली होती. तेवढ्यात धुळीने पांढऱ्या झालेल्या मोटारसायकलवरून ताई आणि रॉबिन आले. नवी काच पाहून निकिता उड्या मारू लागली. रॉबिनने मला खोक्यातून उचलले. "ही परत नेतो. रंग खरवडला की दुसऱ्या फोटोला चालेल."

खरवडणार! काच मुळातच गार असते, पण तेव्हा मी जास्तच गार पडले.

लंकाबाई पदराला हात पुसत आल्या. नवी काच हातात घेऊन त्यांनी कपाळाला आठी घातली. "ही कोन बाई? माझ्यासारखी हाय, पन मी न्हाई."

"अगं आई, हीच तू!"

अंगद हसले. "लग्नाला पंधरा वर्सं झाली. मला तर हीच दिसती."

तेवढ्यात लंकाबाईंचे लक्ष माझ्याकडे गेले. रॉबिनच्या हातातून त्यांनी मला घेतले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही बघा मी! रोज सकाळी आरशापुढं हिची वेनी घालते, तवा आमी दोघी अशाच दिसतो. तीळ ह्याच बाजूला, अन् पोरगी त्याच बाजूला!"

आधी एंजेलाताईच हसल्या. रॉबिन म्हणाला, "ताई, आता मुद्दाम चुकत जा."

निकिताने नवी काच छातीशी धरली. "मग ही माझ्याजवळ. आरशातली तू घेऊन जा."

"मला कशाला? कोपीत कुठं टांगू?" असे म्हणत म्हणतच लंकाबाईंनी मला गोधडीत गुंडाळले.

कोपी म्हणजे ऊसतोडणीवाल्यांची, उसाच्या वाळल्या पाल्याची म्हणजे पाचटाची झोपडी. तिच्या मेढीला, म्हणजे आधाराच्या खांबाला, मी आता टांगलेली आहे. रोज कोयता घेऊन निघण्याआधी लंकाबाई पदराने माझी धूळ पुसतात आणि म्हणतात, "ऊठ गं निके, शाळा हाय."

शेजारच्या कोपीतल्या बनुबाई चिडवतात, "काचेसंगं बोलतीस व्हय?"

"बोलते की! उठवलं न्हाई तर पोरगी उशीर करती."

मित्रांनो, माझ्यासारख्या काचा घासू नका, मऊ फडक्याने हलकेच पुसा. आणि एखादी वस्तू चुकली म्हणून खरवडायला घ्याल, तेव्हा ती जिच्यासाठी केली, तिला आधी एकदा दाखवा.

चैत्रात ट्रॅक्टर वस्तीवर परतेल. मग निकिताची काच आणि मी शेजारी शेजारी उभ्या राहू, आणि आमच्यापुढे बसून लंकाबाई लेकीची वेणी घालतील.