नारळाचं घट्ट दूध

"लाल दिसतंय का तुला कुठे?" लुसिंगनं विचारलं आणि शिणाण्यांचं, काळ्या शिंपल्यांचं टोपलं चुलीपाशी आदळलं.

तिचा नवरा तेबान दारात बसून खाडीकडे बघत होता. पाणी कसलं लाल, अगदी निवळशंख. पण दरवर्षी वारं फिरायच्या दिवसांत पाण्यात ते विष येतंच, शिणाण्यांत उतरतं, आणि धक्क्यावर बंदीची पाटी लागते. यंदाही लागली होती. खाडीत रोवलेल्या बांबूंवर शिणाण्यांचा माल लगडलेला, घेणारा कुणी नाही, आणि हे दोघं मीठ-भातावर.

"दुधात करतेय ना," ती म्हणाली. "नारळाच्या दुधानं विष मरतं. आईनं आम्हाला असंच वाढवलंय."

"मग जरा जास्तच घाल. मरताना चव तरी राहील."

तिनं पळी त्याच्या पाठीत हळूच मारली, आणि घट्ट दूध अख्खं ओतलं. ती भात काढेपर्यंत ह्याचं वाडगं रिकामं.

"लुसिंग, ओठांना मुंग्या येताहेत गं."

"मिरची असेल."

मग त्याच्या हातातून पेला सुटला.

शेजारचा बादोंग होडीचं इंजिन चालू ठेवूनच धावत आला. "मानाय, अगं ताई, उचल त्याला. पलीकडे दवाखान्यात नेऊ."

"थांब रे, आधी दूध पाजू दे. पोटात गेलं की उतरेल."

"वाटेत पाज ना."

"वाटेत कुठं खोवत बसू?"

आणि ती खोवत राहिली, पिळत राहिली, पाजत राहिली. तेबान नुसता बघत होता. बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. दूध हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं. होडीत घातला तेव्हा छाती हलत होती. पलीकडचा धक्का दिसायला लागला, तेव्हा थांबली.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत पाटी निघाली होती. पाणी तसंच निवळ, तेव्हासारखंच. सगळ्या होड्या माल काढायला गेल्या होत्या. प्रसादाच्या भाताला दूध हवं होतं, पण बायकांनी खवणी मुद्दाम लपवलेली. लुसिंगनं ती शोधून काढली आणि तिच्या पाटावर बसली.

"मानाय, राहू दे, आम्ही करतो," बादोंगची बायको म्हणाली आणि नारळ उचलून आत घेऊन गेली.

लुसिंग उठली नाही. खाडीकडे तोंड करून त्या खवणीवर तशीच बसून राहिली, हात रिकामे.