राजेश्रीच्या बदल्यात

लाल दोऱ्याचा एक टाका उसवला होता आणि त्याच्या शेजारचा उसवायच्या बेतात होता. सत्यशीलाबाईंनी चेंडू खिडकीच्या उजेडात धरून हळूहळू फिरवला, अंगठ्याने शिवण चाचपत नेली आणि जिथे कातडं किंचित वर उचललं गेलं होतं तिथे थांबल्या... दाभण आत घालायला एवढी जागा पुरे होती. बेसबॉलचा चेंडू उसवला की मुली तो फेकून द्यायला निघतात. बाई तो मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा शिवतात, कारण बोटांना पकड मिळते ती शिवणीचीच, आणि नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवायचं तेही हेच – फेकायचं नाही, आधी डोळे मिटून शिवण ओळखायची. शाळेच्या मैदानावर अशा डोळे मिटलेल्या मुलींची रांग बसायची, एखादी हळूच एक डोळा उघडून शेजारणीकडे बघायची, आणि बाईंना ते दिसायचं पण त्या बोलायच्या नाहीत... निवृत्तीनंतर काही दिवस आल्या मुली, मग क्लासेसच्या वेळा बदलल्या, मग कुणी आलं नाही. आता मैदानावर येतात त्या क्लबच्या बायका. त्यांना सगळं येतं.

बन्सीधरचा फोन सकाळीच येऊन गेला होता. बाई ज्यांच्या प्रशिक्षक, त्या पाथरीच्या क्लबचा तो सचिव, बाईंच्याच शाळेत शिकलेला. "बाई, आज फैसला करायचाच. पालमवाले ताटकळलेत. तुमी हो मना, मंग कुणी तोंड उघडणार न्हाई."

कुणी तोंड उघडणार नाही, हे खरं होतं. आणि त्याचंच ओझं होतं. जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या महिला संघांची स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, दोन्ही क्लब राजी असतील तर खेळाडूंची अदलाबदल करता येते. पालमला राजेश्री हवी होती. त्यांची पिचर पाचव्या इनिंगपर्यंत चेंडू छान टाकते आणि मग तिचा दम जातो. सातव्या, शेवटच्या इनिंगला हातातला सामना निसटतो. राजेश्री नेमकी तेव्हाच मैदानात उतरणारी. सहा इनिंग ती बाकावर शाल पांघरून बसते, सातवीला उठते आणि सामना बंद करते, दुकानाचं शटर ओढावं तसा. तिच्या बदल्यात पालम आपल्या ज्युनियर संघातल्या दोन मुली द्यायला तयार होतं. पाथरीच्या वसतिगृहात त्यांची सोयही लागणार होती.

बाईंनी दोरा ओढून गाठ मारली. कारणं त्यांनी केव्हाच मनात मांडून ठेवली होती आणि एकही खोटं नव्हतं. राजेश्रीचा खांदा दुखतो. तिची तिशी उलटली. क्लबमध्ये तिच्यामागून येणारी एकही पिचर नाही. पालमला दोन वर्षं मिळतील, पाथरीला दहा... कारणं अशी ओळीने उभी असताना डोळ्यांसमोर मात्र पालमचंच मैदान येत होतं – मागच्या महिन्यातली जिल्ह्याची निवड चाचणी, ऊन, आणि त्या दोघींतली ती डावखुरी मुलगी. म्हाळसा नाव. घरची मेंढरं, दिवाळीनंतर सगळं कुटुंब कळपामागे बाहेर पडतं, हिला शाळेसाठी मामाकडे ठेवलेली. फेकताना तिचं कोपर खाली पडत होतं. बाईंनी जवळ जाऊन कोपराखाली फक्त एक बोट लावलं. पुढच्या फेकीला कोपर वर. त्याच्या पुढच्या फेकीला पुन्हा पडलं, तेव्हा त्या मुलीने दुसऱ्या हाताने स्वतःच ते उचललं, जणू दुसऱ्या कुणाचं असावं तसं...

एसटी स्टँडसमोरच्या महारुद्रच्या हॉटेलात दुपारी माणसं जमली होती. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी, पण पाथरीच्या संघाचा प्रत्येक सामना आधी मैदानात होतो आणि मग आठवडाभर इथे. बाईंसाठी कुणीतरी खुर्ची पुसून दिली.

"तिशीची पिचर द्यायची अन् पंधरा-पंधराच्या दोन पोरी घ्यायच्या," बन्सीधर म्हणाला. "बसतंय का न्हाई, तुमीच सांगा."

"ओ सचिव, ह्ये काय साटंलोटं हाय का?" महारुद्रने गाळणी पातेल्यावर आपटली. "आमची लेक घ्या, तुमच्या दोन द्या. वरमाय कोन मग, तुमी का?"

बाकडी हसली. "मानपानाचं बी बोलून घ्या आत्ताच," मागून कुणीतरी म्हणालं.

"हसा," बन्सीधर म्हणाला. "मानवतच्या संघासंगं शेवटच्या इनिंगला तिनं तिघी लागोपाठ बाद केल्या, ते समद्याला दिसलं. दुसऱ्या दिवशी तिचा हात वर होईना, ते कुणाला दिसलं?"

"हात वर होईना तर पालमवाले कामून मागायलेत? खुळे हायत का ते?"

"तेंला दोनच साल पायजे. राज्याचा कप पायजे. आपल्याला पुढचं बघाय पायजे का न्हाई? ह्या पोरी धा साल खेळतेल."

"धा साल!" महारुद्र आता भट्टी सोडून पुढे आला. "धा सालात त्येंची लग्नं होऊन एक लातूरला असंल, एक पुण्याला. तुझ्या क्लबला काय राहील, आहेराची साडी? ज्या बाईनं आपली इज्जत राखली, ती आज आपल्याला जड झाली का? राजेश्री उठून उभी राह्यली की समोरच्या संघाच्या तोंडचं पाणी पळतं राव. ते पंधरा सालाची पोरगी कुठून आणणार?"

बाईंना हसूही आलं आणि महारुद्रचं म्हणणं पटलंही. पण पटलेलं मनात टिकत नव्हतं... तळहातावरून पाणी ओघळावं तसं निघून जात होतं, आणि बन्सीधरचं प्रत्येक वाक्य मात्र आपणच शिकवल्यासारखं वाटत होतं. काही शब्द तर आपलेच होते. पुढचं बघायला हवं – हे मीच त्याला म्हणाले होते, पालमहून येताना, जीपमध्ये.

"बाई, तुमी काहीच बोलना झालाव," बन्सीधर म्हणाला.

"राजेश्रीशी बोलून येते," बाई म्हणाल्या. "मग सांगते."

शाळेच्या मैदानाच्या कडेला, कडुनिंबाला टांगलेल्या पोत्यावर राजेश्री चेंडू मारत होती. पोत्यात वाळू आणि भुसा, मधोमध चुन्याची चौकट. ही बाईंचीच पद्धत. दिवसभर राजेश्री नवऱ्यासोबत दुकानात बोअरच्या मोटारी रिवाइंड करते, तांब्याची तार ओढून ओढून बोटं घट्ट झालेली. चेंडू पोत्यावर आदळला की आवाज दबका येतो आणि पोतं जरा वेळाने हलतं. बाई नेहमीप्रमाणे तिच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या, जिथून खांदा दिसतो.

"बन्सीधरदादाचा फोन आला होता," राजेश्री म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"मनलं, बाई सांगतेल तसं."

"पण तुला काय वाटतं?"

"मला कधी इचारलंय का कुणी?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "सातव्या इनिंगला तुमी हात करायच्या, मी उठायची."

बाईंनी मग कारणं सांगितली. खांदा, वय, क्लबचं पुढचं, राज्याच्या स्पर्धेत खेळायची तिलाही मिळणारी संधी. हळू, एकेक करून, वर्गात सांगावं तसं... समोरच्याला समजेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे जायचं, ही सवय त्यांना कधी सोडून गेली नव्हती. राजेश्रीने सगळं ऐकून घेतलं.

"खरं हाय," ती म्हणाली. पोत्याखालचे चेंडू वेचून तिने ओच्यात घेतले. "एक बोलू का बाई? राग मानू नका."

"बोल."

"पालमला तुमी त्या डावखुऱ्या पोरीकडं बघायलत्या. मी तुमच्या मागंच उभी होते. मला तव्हाच कळलं, आता आपण जाणार."

"असं काय दिसलं तुला?"

"तुमचं तोंड. शाळंत सातवीत असताना माझ्याकडं तसं बघायच्या तुमी, मला याद हाय. मंग मला फेकाय येऊ लागलं..." तिने ओच्यातला एक चेंडू बोटांनी चाचपला, "मंग तुमी माझ्या खांद्याकडं बघू लागल्या."

आणि ती हसली, आणि एक चेंडू निवडून पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. बाई तिच्या खांद्याकडे बघत होत्या. लक्षात आलं तेव्हा त्यांनी नजर तिच्या चेहऱ्यावर नेली. चेहरा घामेजलेला होता, कानाजवळ दोन-तीन केस पांढरे. ते कधी झाले ते बाईंना माहीत नव्हतं.

परतताना त्यांनी सरळ रस्ता सोडून भाजीबाजारातून वळसा घेतला. रागवण्यासारखं काही नव्हतं. मुलीला येऊ लागलं की तिच्यापासून बाजूला व्हायचं, नाहीतर ती आपल्याच तोंडाकडे बघत राहते – हे मी जन्मभर इतर शिक्षकांना सांगत आले, आणि ते बरोबरच आहे. मग कुठे टोचतंय... कारणांमध्ये खोट नव्हती. खांदा खरंच दुखतो. क्लबला खरंच मुली हव्यात. फक्त ही कारणं मी शोधली ती म्हाळसाचं कोपर पाहिल्यानंतर, आधी नाही. आधी वर्षभर राजेश्रीचा खांदा दुखतच होता, आणि मी तिला शेक घे म्हणत होते. मेथीच्या ढिगाजवळ त्या थांबल्या. भाजीवालीने जुडी पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि पिशवी आणली नसल्याने हातातच धरली.

हॉटेलात आवाज अजून चढलेले होते. जुडीसकट बाई खुर्चीवर बसल्या तसे ते उतरले.

"बोला बाई," बन्सीधर म्हणाला.

"माझं मत यात धरू नका."

"आता काय ओ बाई! म्हैना झाला, समदं तुमच्यावर ठेवलंय."

"म्हणूनच. मला त्या पालमच्या मुली शिकवायच्या आहेत, बन्सीधर. मला त्या हव्या आहेत. मी हो म्हणाले तर ते क्लबसाठी म्हटलेलं नसेल."

हे वाक्य इतकं साधं निघालं की क्षणभर कुणाला ते कबुली आहे की गंमत हे कळेना. महारुद्रने बाईंसमोर चहा ठेवला.

"मंग करायचं काय?" बन्सीधर म्हणाला.

"राजेश्रीला विचार. बाई सांगतील तसं म्हणाली तर ते उत्तर धरू नकोस. पुन्हा विचार."

बन्सीधरने नाइलाजाने फोन काढला आणि गोंगाट नको म्हणून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. गंगाखेडची बस फिरून बाहेर निघत होती, तिच्या आवाजात त्याचं बोलणं बुडालं. तो एक कान झाकून वाकलेला, एवढंच इथून दिसत होतं. बाकड्यांवर पुन्हा वाद पेटला, नाही म्हणेल बघा, हो म्हणेल, पैज लावता का. बाईंनी चहाचा घोट घेतला. राजेश्री नाही म्हणाली तर राहील, आणि ते चांगलंच होईल, आणि मला आनंद व्हायला हवा... त्यांनी तो आनंद मनात शोधला, तो होता, लहानसा, खरा. त्याच्या खाली मात्र दुसरं काहीतरी पसरून बसलेलं होतं आणि त्याला हो ऐकायचं होतं. त्याची बाईंना लाज वाटली नाही, निदान वाटायला हवी तितकी नाही. फक्त आजवर त्या त्याला क्लब म्हणत होत्या, पोरींचं भलं म्हणत होत्या, पुढचं बघणं म्हणत होत्या. आता तसं म्हणता येत नव्हतं. ते त्यांचं एकटीचं होतं, आणि ते घेऊन त्या रस्त्यावरच्या वाकलेल्या पाठीकडे बघत बसल्या.