टाक्यांवर बसलेली कवळी

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, मग ऐका. मी एक जुनी कवळी आहे. खालच्या जबड्याची. माझे नाव निघाले की माणसे हसतात किंवा दुसरीकडे बघतात. मीही फारशी वर बघत नाही. झाकणाच्या वाटीत, पाण्याखाली, न्हाणीघरातल्या फळीवर माझे घर आहे. पाहुणे आले की घरचे आधी वाटी लपवतात, मग पाहुण्यांना पाणी विचारतात.

माझा जन्म दात घडवणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर झाला. त्याने आधी मेणात माझा आकार केला, दात रांगेत बसवले, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरले. मला शिजवले, घासले, चकाकी आणली. माझ्याबरोबर माझी थोरली बहीण जन्मली, वरची कवळी. तिचे नशीब थोर. ती टाळूला घट्ट चिकटून बसते, मग कुणी हलवू म्हटले तरी हलत नाही. माझ्या वाट्याला आली घोड्याच्या नालाएवढी जागा आणि शेजाराला जीभ. जिला जिभेचा शेजार लाभला, तिला स्वस्थता कुठून मिळणार?

आम्ही दोघी गेलो बुवांकडे. बुवा म्हणजे खरे तर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. पण दर आठवड्याला ते प्रार्थनेच्या हॉलमध्ये उभे राहून गाऊन निरूपण करीत, म्हणून सगळी गल्ली त्यांना बुवा म्हणे. काय तो आवाज! एक पद घ्यायचे, त्यातला एक शब्द धरायचा, त्याला गोष्ट जोडायची, लोकांना हसवायचे आणि हसता हसता डोळे पुसायला लावायचे. शब्द स्वच्छ येत, त्यात बहिणीचा वाटा मोठा. थोडा माझाही होता. तेवढ्या थोड्यावर मी फार फुगले होते.

पण मित्रांनो, दात गेले की त्याखालचे हाडही हळूहळू झिजते. वर्षे गेली तशी माझी बैठक सैल झाली. आधी घास चावताना हलू लागले, मग बोलताना. बुवा चिकटवायची पेस्ट लावून वेळ मारून नेत.

एकदा निरूपणाचा विषय होता मानपान सोडण्याचा. बुवांचे आवडते पद सुरू होते:

*रिते करी मज, रिते करी रे, रित्यात तू मावे;*
*भरल्या भांड्यामध्ये कुणी मग काय कसे घालावे?*

'रिते' वर त्यांनी लांब तान घेतली, तोंड मोठे उघडले आणि मी बाहेर उडी मारली. पडले ती थेट पेटीच्या पट्ट्यांवर. एक सूर वाजला, तोही बेसूर. पेटीवाले बुवांचे जुने दोस्त. त्यांच्या तोंडून निघून गेले, "बुवा, देवानं फारच लवकर ऐकलं हो!"

सगळा हॉल हसला. त्यात वाईट भाव कुणाचाच नव्हता, पण बुवांनी मला रुमालात गुंडाळले, खिशात घातले आणि पद अर्धे टाकून खाली बसले. त्या खिशातल्या अंधारात मला वाटले, कारागिराने मेण वितळवले तेव्हा मलाही वितळवून टाकायला हवे होते.

त्यानंतर बुवा हॉलमध्ये गेलेच नाहीत. घरातही गुणगुणेनात. शेवटी आजीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तोंड उघडले. "अहो, खरे दात पडले तेव्हा पेढे वाटल्यासारखं सांगत फिरलात. खोटा दात पडला तर एवढं सुतक?"

"ते दात घरी पडले होते," बुवा म्हणाले.

आजीने त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी माझ्याकडे नाक न मुरडता पाहिले. मला हातात घेऊन पाहणारी ती पहिलीच परकी बाई! त्या म्हणाल्या, "खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवू. म्हणजे हाडात बसणारे दोन छोटे स्क्रू. काही महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरेल. मग याच कवळीला आतून खटके लावू, ती त्यांच्यावर बसेल. पुन्हा खुशाल ताना घ्या."

याच कवळीला! मित्रांनो, मी पाण्यात असते तर तरंगले असते.

"पण एक ऐका," डॉक्टरीणबाईंनी बोट वर केले. "टाके आहेत तोवर ही तोंडात जायची नाही. दाब आला तर स्क्रू हलतो आणि हललेला स्क्रू हाड धरत नाही. तपासणीला याल तेव्हा मी हिला आतून कोरीन, मऊ अस्तर लावीन. मग घाला."

शस्त्रक्रिया नीट झाली. घरी आले तेव्हा बुवांचा खालचा ओठ बधिर होता. चहा हनुवटीवरून शर्टावर उतरे आणि त्यांना कळतही नसे. थोडे रक्त झिरपत होते, ते कापसाची घडी दाबून धरल्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी सूज उतरायची सोडून चढली. हनुवटीखाली जांभळा डाग उमटला, तो पुढे हिरवा-पिवळा होत गळ्यावर आला. नात म्हणाली, "आजोबा, कुणाशी मारामारी केलीत? आणि हरलात का?"

आजीने घाबरून फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज उतरायच्या आधी चढतेच. बर्फाने शेका, मऊ आणि गार खायला द्या. मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच गुळण्या, पण जोरात थुंकायचं नाही. आणि दुखणं एकदा कमी होऊन पुन्हा वाढलं, तर लगेच या."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. बुवांनीही ते ऐकले होते.

दुखणे कमी होत गेले. बुवा कुस्करलेले केळे खात, गार दूध पीत. मग पेटीवाले आले. म्हणाले, "या आठवड्याला निरूपणाला तुमचा औषधवाला उभा राहतोय." औषधांचे दुकान चालवणारा तो बुवांचा जुना विद्यार्थी. "पोरगं घाबरलंय. तुम्ही नुसते समोर येऊन बसा. तोंडसुद्धा उघडू नका."

बुवा आरशापुढे गेले. ओठ आत गेलेला, गाल बसलेले. आजी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बुवांनी माझ्या वाटीचे झाकण उघडले आणि हळूच म्हणाले, "बाई, नुसतं बसून यायचंय. तेवढी माझी लाज राख."

मी नको म्हणू शकत नव्हते. वस्तूला तोंड नसते, आणि मी तर नुसती तोंडासाठीच केलेली. त्यांनी मला आत दाबले. खाली टाके होते. मला त्यांची प्रत्येक गाठ कळली.

हॉलमध्ये बुवा खरोखर ओठ मिटून बसले. औषधवाल्याने नेमके तेच पद घेतले. पहिली ओळ छान म्हटली, आणि दुसरी विसरला. पेटी थांबून राहिली. पोराचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, बुवा स्वतःचे जेवण अर्धे टाकतील, पण दुसऱ्याच्या तोंडातले पद अर्धे पडू देणार नाहीत. ते खुर्चीतूनच गाऊ लागले. "भरल्या भांड्यामध्ये कुणी मग..." पोराला धीर आला, तोही गाऊ लागला. हॉल डोलला. आणि आत, प्रत्येक अक्षराला, मी जखमेवर घाव घालत होते. लोक वाहवा म्हणत होते तेव्हा मला रक्ताची चव येत होती.

घरी आल्यावर बुवांनी मला गुपचूप वाटीत सोडले. दुसऱ्या दिवसापासून दुखणे पुन्हा वाढले. ठणका लागला, सूज परत आली, तोंडाला वाईट वास येऊ लागला, अंग कढत झाले. आजी विचारी, "अहो, जास्त दुखतंय का?" बुवा मान हलवून नाही म्हणत. ज्यांनी शेकडो पोरांना 'चूक झाली तर हात वर करा' असे शिकवले, त्यांचा हात काही वर होईना.

मी त्यांची लाज राखली होती म्हणे. आता ती लाजच त्यांना राखत बसली होती, दाराला कडी लावून.

शेवटी आजी वाटी धुवायला आली. झाकण उघडले तर पाणी गुलाबी, आणि माझ्या कडेला टाक्याच्या दोऱ्याचा एक तुकडा अडकलेला. ती ओरडली नाही. वाटी तशीच हातात धरून बुवांच्या समोर बसली.

"अहो, हे काय?"

बुवांनी रुमाल तोंडावर धरला.

"मला सांगायची लाज वाटली? माझ्यापुढे तुम्ही इतकी वर्षं बोळकं घेऊन झोपता, तेव्हा नाही वाटत ती?"

बुवा लहान मुलासारखे रडले. रडतानाही ओठ मिटलेलेच.

आजीने वाटी मांडीवर घेतली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासले. एक स्क्रू हलत होता. तो काढावा लागला. दुसऱ्याने अजून हाड सोडले नव्हते. जखम धुतली, औषधे लिहून दिली. "हाड भरून यायला वेळ द्यायचा. मग पुन्हा बसवू."

बुवांनी मान खाली घातली. "रागवा, डॉक्टर."

"रागावलेच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही गायलात म्हणून नाही, बुवा. दुखायला लागल्यावर आला नाहीत म्हणून. आधी आला असतात, तर कदाचित दोन्ही राहिले असते."

मी वाटीत होते. मला बुडून जायलाही जागा नव्हती. आधीच तळाशी होते.

सूज उतरली. ताप गेला. जखम भरू लागली. एके दिवशी बुवा म्हणाले, "आज हॉलमध्ये जाऊ." आजीने वाटी स्वतःच्या पिशवीत टाकली. "ही माझ्याजवळ राहील. तुमचा काही भरवसा नाही." म्हणून पुढचे मला ऐकायला मिळाले.

बुवा दातांवाचून उभे राहिले. बहीणही त्या दिवशी घरीच होती. ते बोलू लागले तर शब्द लाह्यांसारखे फुटेनात, भिजलेल्या पोह्यांसारखे मऊ पडत. त्यांनी सगळे सांगितले. आरसा, कवळी, गुलाबी पाणी. "त्या दिवशी मी मान सोडायला सांगत होतो," ते म्हणाले, "आणि दात सुटले तर मलाच सोसलं नाही." कुणी हसले नाही. मग त्यांनी पद घेतले. 'रिते' चे नुसते 'इए' झाले. पेटीवाल्यांनी सूर धरून ठेवला. औषधवाला उठला आणि त्याने तो शब्द नीट म्हटला. मग पुढचा शब्द आजीने म्हटला. मग सगळा हॉल म्हणू लागला. बुवांनी फक्त सूर द्यायचा आणि अक्षरे लोकांनी भरायची. असे पद त्या हॉलने आजवर ऐकले नव्हते.

पिशवीत मी ऐकत होते. माझ्याशिवायही बुवा बुवाच होते. हे त्यांना आधीच कळायला हवे होते, आणि मलाही.

पुढे हाड भरून आले, काढलेल्या स्क्रूच्या जागी नवा बसला, आणि या वेळी बुवांनी वाट पाहिली. डॉक्टरीणबाईंनी मला आतून कोरले. जिथे जिथे मी दाबले होते, तिथले तिथले काढून टाकले आणि त्या पोकळीत खटके बसवले. आता मी टक् करून बसते आणि हलत नाही. बुवा पुन्हा लांब ताना घेतात. लोक म्हणतात, कवळी काय घट्ट आहे! तेव्हा मी आत आणखी आकसते. खाली कुणाला दुखवले होते, ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला टाके पडले असतील, तर त्यांना गार दूध द्या, मऊ खाऊ द्या, आणि रोज विचारा, "आज कालच्यापेक्षा जास्त दुखतंय का?" ते नाही म्हणाले तर दुसऱ्यांदा विचारा. आणि तुम्हाला दुखले, तर हात वर करा. लाज राखायचीच असेल, तर माझ्यासारखी वाटीत झाकून ठेवा. जखमेवर तिला बसवू नका.