बिनधारेची तलवार

तलवार विकत घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "सत्कार कुणाचा?"

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या आधी हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की शेवटी दुकानाची पायरी चढतानाच माझं डोकं तापायचं. आमच्याकडं कुणी निवडून आलं की तलवार, साहेब बदलून आला की तलवार, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की फेटा आणि तलवार. पण तलवार शिकायला म्हणून तलवार मागणारं गिऱ्हाईक बारामतीत माझ्याआधी कुणी गेलेलं नसावं.

शिकणारी माझी नात, तेजश्री. शेळगावहून रोज एसटीनं बारामतीला कॉलेजला जायची. तिथं बुद्धघोष सर संध्याकाळी कराटे शिकवत. पुण्यात राहून ते जपानी तलवारही शिकून आले होते. वर्षभर त्यांनी पोरांकडून लाकडी तलवार फिरवून घेतली आणि मग सांगितलं, "दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी लोखंडाच्या तलवारीचा वर्ग सुरू. ज्याची त्यानं आणायची. उसनी चालणार नाही आणि मागून कुणाला घेणार नाही."

तेजश्रीचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. तिचा बाप, म्हणजे माझा अनुप, तिला बजावून बसला होता, "परीक्षा झाली की बारामतीचा पास बंद." म्हणजे हा वर्ग हुकला की पोरीच्या हातात कायम लाकूडच राहणार. ती नुसती अंगणात लाकडी तलवार घेऊन उभी राहायची, आणि तिची आजी भागूबाई माझ्याकडं बघायची. मग मीच उठलो आणि सरांना भेटलो.

"जय भीम, आबा," सर म्हणाले. "जपानातली खरी तलवार मागवायची तर तुमची दुभती गाय विकावी लागेल. आपल्याला स्वस्तातली पाहिजे, पण कामाची. पातं मुठीच्या आत पार शेवटापर्यंत गेलेलं असावं. हलवली की खुळखुळायला नको. पोरीला एका हातानं सरळ धरता आली पाहिजे. आणि धार अजिबात नको."

"धार नको?"

"नको. नवखा माणूस तलवार म्यानात घालताना आधी स्वतःच्या डाव्या हाताचा अंगठा कापतो."

एवढंच ना, म्हणून मी निघालो.

बारामतीत मोहनरावांचं फेट्यांचं दुकान होतं. शाली, ट्रॉफ्या, आणि भिंतीवर ओळीनं तलवारी.

"या आबा. सत्कार कुणाचा?"

"सत्कार न्हाय."

"मग नवरदेवासाठी?"

"नवरदेव न्हाय, नातीसाठी."

मोहनरावांनी तेजश्रीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोरीच्या लग्नात तलवार? नवी पद्धत निघाली जणू."

तेजश्रीनं एक तलवार उतरवली. चकाकणारं पातं, पिवळीधमक मूठ, लाल मखमलीचं म्यान. सरांनी शिकवलं होतं तशी तिनं ती डोक्यावर घेतली आणि खाली आणली. मूठ तिच्या हातात राहिली आणि पातं सुटून समोरच्या फेट्यांच्या ढिगात जाऊन पडलं.

"अगं बाई!" मोहनराव ओरडले. "ही फिरवायची नसती. दोन्ही हातांनी आडवी धरून फोटो काढायचा असतो!"

"आन् फोटो झाल्यावर?" मी विचारलं.

"खिळ्याला टांगायची. आजवर एकबी तलवार परत आली न्हाय माझ्याकडं."

आतलं बघितलं तर पात्याला बोटाएवढी सळई जोडलेली, आणि ती मुठीत लाखेनं चिकटवलेली. सगळ्या तलवारी तशाच. इंदापूरच्या भांड्यांच्या दुकानातही तोच माल आणि तोच प्रश्न.

मग बारामतीतच एका भेटवस्तूंच्या दुकानात काळ्या स्टँडवर जपानी दिसणारी तलवार सापडली. म्यानावर साप की काय काढलेला. मुठीला दोरा गुंडाळलेला. हलवून बघितली, खुळखुळली नाही. मी खुशीत ती सरांकडं घेऊन गेलो. सरांनी मुठीवरचा दोरा सोडला, टोपण फिरवलं, आणि आतून पातं धरून ठेवणारा एकुलता नट निघून टेबलावर गडगडत गेला.

"आबा, ही दिवाणखान्यात ठेवायची आहे."

"आमच्याकडं दिवाणखाना न्हाय, सर."

तलवार परत करायला गेलो तर दुकानदार म्हणतो, दोरा सोडलेला माल घेत नाही. मी तिथं काय काय बोललो ते लिहीत नाही. घरी आलो तर अनुप म्हणाला, "आबा, एवढ्या हेलपाट्यात पोरगी शिवणकाम शिकली असती." त्यालाही बोललो.

शेवटी कुशाबाईकडं गेलो. ऊसतोड सुरू व्हायच्या बेताला घिसाड्यांची पालं भवानीनगरच्या रस्त्याला पडतात. कोयते, खुरपी, विळे, सगळं तिथं होतं. नवरा भाता ओढतो आणि कुशाबाई घण मारते. माझे कोयते वर्षानुवर्षं तिच्याच हातचे.

"तलवार? कुनाचा सत्कार हाय, आबा?"

"कुशाबाई, आता तू तरी विचारू नकोस!"

तेजश्रीनं मातीत तलवार काढून दाखवली. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड ठरलं. मुठीला बाभूळ, आणि आत पातं अडकवायला बांबूची खुंटी, कारण सरांच्या तलवारीला तशीच होती.

"बांबू?" कुशाबाईनं कपाळाला हात लावला. "माझ्या लोखंडाला बांबूनं बांधता व्हय गं? रिबीट ठोकते की. मरंपर्यंत हलायची न्हाय."

"मावशी, पुसायला पातं बाहेर काढावं लागतं. बांबूच पायजे."

"बरं, बांबू तर बांबू. लोक मला हसतील."

पहिल्या खेपेला तयार झाली ती तलवार नव्हती, पहार होती. तेजश्रीला ती एका हातानं सरळ धरवेना.

"वजन न्हाय तर घाव कसा बसंल?" कुशाबाई म्हणाली.

"घाव घालायचाच न्हाय," मी म्हणालो.

"मग तलवार कशाला?"

परत भट्टी, परत घण. दिवाळी तोंडावर आली. दुसऱ्या खेपेला पातं पातळ झालं पण वाकडं आलं. तिसऱ्या खेपेला मात्र तेजश्रीनं हातात घेतली आणि तिचा चेहराच बदलला. हात सरळ, तलवार सरळ, खुळखुळ नाही. सुतारानं सागवानी म्यान करून दिलं. मुठीला गुंडाळायला भागूबाईनं परकराचे नवेकोरे नाडे काढून दिले. कुशाबाई म्हणाली, "शेवटचा हात फिरवून ठेवते. रविवारी सकाळी जाता जाता घेऊन जावा."

"धार नको हां," मी म्हणालो.

"व्हय व्हय, कळलं."

रविवारी तलवार पोत्यात गुंडाळलेलीच मिळाली. मागून एसटी येत होती, म्हणून उघडून न बघता आम्ही चढलो. वर्ग शाळेच्या मैदानावर होता. पोरं रांगेत उभी. सरांनी तेजश्रीची तलवार घेतली. उलटी धरली, म्यानातून पडली नाही. खुंटी काढून पातं बाहेर घेतलं, परत बसवलं. "वा!" म्हणाले. मी अनुपला काय काय सुनावायचं ते मनात जुळवायला लागलो. मग सरांनी मनगटावरच्या केसांवरून पातं हलकेच फिरवलं, आणि केस सपाट.

"आबा, हिला धार आहे."

"असं कसं? मी नको म्हनून सांगितलं हुतं!"

पण मला कळलं होतं. कुशाबाईनं उभ्या जन्मात बिनधारेचं हत्यार गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नव्हतं. नको म्हणणारा म्हातारा पैसे वाचवायला बघतोय असं तिला वाटलं असणार. तिनं आपलेपणानं, फुकटात, धार लावून दिली होती.

"मी हिला रांगेत घेऊ शकत नाही," सर म्हणाले. "शेजारी पोरं आहेत."

तेजश्री रडली नाही. मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा कट्टा होता. तिथं जाऊन बसली आणि पात्याची धार कट्ट्यावर उभी घासायला लागली. तो आवाज मला ऐकवेना. सारा जन्म मी दगडावर कोयता घासला तो धार यावी म्हणून. पण काय करणार? ती दमली की मी घासायचो, मी दमलो की ती. माझ्या अंगठ्याला एकदा लागलं, रक्त आलं. तिकडं रांगेतली पोरं तलवार उपसायची, म्यानात घालायची. सर मधेच येऊन केसावर फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "टोकाकडं अजून आहे." मी दात ओठ खायचो. कुशाबाईची धार! काही केल्या जाईना.

वर्ग संपायला आला तेव्हा सरांनी परत एकदा पातं फिरवलं. मग स्वतःच्या तळहातावर दाबून ओढलं. रांगेच्या टोकाला बोट दाखवलं. तेजश्री पळत जाऊन उभी राहिली.

पहिल्यांदाच म्यानात घालताना तिनं डाव्या अंगठ्यावरच पातं ओढलं. मी ओरडलोच. पण रक्त आलं नाही, नुसता लाल वळ उठला. सर म्हणाले, "परत."

येताना एसटी भवानीनगरला थांबली. कुशाबाईनं आम्हाला खिडकीत पाहिलं आणि घण टाकून पळत आली.

"आबा, कशी झाली धार? पैशे नगंत मला धारंचे. नात हाय तुमची म्हनून लावली."

माझ्या तोंडात दिवसभराचा राग गोळा झाला होता. कट्ट्यावर घासून घासून माझी मनगटं सुजली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात तेजश्रीनं खिडकीतून हात बाहेर काढून तिला अंगठ्यावरचा वळ दाखवला.

"ह्ये बघा, मावशी."

कुशाबाईनं अंगठा बघितला. तिचा चेहरा उजळला. "लागली म्हनायची धार! जपून गं बाई," ती म्हणाली, आणि गाडी सुटेपर्यंत नवऱ्याकडं बघून हसत उभी राहिली.

मी चिंधी गुंडाळलेला माझा अंगठा धोतरात लपवला आणि शेळगाव येईपर्यंत बाहेर बघत बसलो.