मातीचा कणही नाही

घटपर्णीला खत घातलं की ती मरते. बारा वर्षं घसा फोडून सांगतेय, तरी दर आठवड्याला कुणीतरी मेलेलं रोप घेऊन आमच्या रोपवाटिकेच्या दारात उभं राहतंच. म्हणे, चांगलं शेणखत घातलं होतं. मग आता हारही घाला.

ती पानांच्या सुरईत किडे पकडून खाते. मुळांना पौष्टिक काही सोसत नाही. दोन भाग सुकं शेवाळ, एक भाग परलाइटचे पांढरे दाणे आणि साठवलेलं पावसाचं पाणी, बस्स. नळाचं पाणीही बाईसाहेबांना चालत नाही. खरी मेख आहे ती कालवण्यात. मूठ दाबली की दोनच थेंब गळायला हवेत, जास्त गळले तर मुळं कुजतात. हातमोज्यातून ते कळत नाही. माझी बोटं संधिवातानं आखडलेली, म्हणून हे काम माझ्या धाकट्या बहिणीकडे. तिच्या हाताला जे कळतं ते मला जन्मात कळलं नाही.

या वेळी पोती उतरवताना शेवाळवाल्यानं बजावलं होतं, हातमोज्याशिवाय हात लावू नका. याच मालात बुरशी असावी. त्याच्या गड्याच्या बोटाला खरचटलं होतं, तर गाठी दंडापर्यंत चढल्या. मी म्हटलं, गडी कामचुकार असेल. धाकटीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं हातमोजे घातले असते.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या उजव्या तर्जनीवर, तारेनं कापलं होतं तिथे, गाठ आली. मी हळद लावली आणि उगाच बाऊ करू नकोस म्हणून दटावलं. मग मनगटावर एक. मग कोपराच्या अलीकडे दोन, एका रेषेत, वर जाणाऱ्या. त्या पाहिल्या तेव्हा मला शेवाळवाल्याचा गडी आठवला. पण तोवर एकशेसाठ रोपं त्याच शेवाळात बसली होती. खरं सांगितलं तर सगळं उपटून जाळायला लावतील, आणि घटपर्णी महिन्यात दुसऱ्यांदा उपटली की जगत नाही. बियांपासून वाढवलेली माझी रोपं आहेत ती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला. आधी दिलेल्या दहा दिवसांच्या गोळ्यांनी काहीच उतार नव्हता. त्यांनी विचारलं, "मातीत, खतात हात असतो का तुमचा?"

"छे, आमच्या कुंड्यांत माती नसतेच," धाकटी म्हणाली. "खतही नाही. आणि ताई मला घाण मालाला हात लावू देईल होय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मातीचा कणही नसतो," मी म्हटलं.

ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली, त्याच गोळ्या आणखी दहा दिवस लिहून दिल्या आणि उजव्या हाताला आराम द्यायला सांगितलं.

बाहेर पायरीवर धाकटी बाहीचं बटण लावायला धडपडत होती. मी लावून दिलं. कापडाखालचा हात तापलेला होता. तिला वाटलं, मला कामाचीच काळजी लागलीय.

"चाळीसच कुंड्या राहिल्यात ना गं," ती म्हणाली. "उद्यापासून डाव्या हातानं कालवते. होईल सवय."

मी बरं म्हटलं.