रुंद तोंडाची झाकणं

ट्वायलाने फोनचा आवाज वाढवला आणि तो रुबार्ब पाय या भाजलेल्या गोड पदार्थाच्या ताटलीला टेकवून ठेवला. आयोवातल्या त्या लहानशा गावच्या लायब्ररीत तिघी मैत्रिणींचा गुंतवणूक क्लब एका कंपनीची तिमाही निकालांची सभा फोनवर ऐकत होता. घरी फळं-भाज्या टिकवून ठेवायच्या बरण्यांची झाकणं बनवणाऱ्या या कंपनीचे शेअर क्लबने ट्वायलाच्या सांगण्यावरून घेतलेले. क्लबच्या बावीस वर्षांत ट्वायलाची ही पहिलीच सूचना.

"नफा वाढलाय," ती म्हणाली.

"आणि शेअर सकाळपासून नऊ टक्के पडलाय." व्हर्नाने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. व्हर्नाने चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. "नुसता नफा वाचायचा नसतो गं. गोदामातला माल बघ, गेल्या वर्षीच्या दीडपट. म्हणजे खपत नाहीये. आजच विकून टाकू."

"माझं मत विकायलाच," ताटलीतल्या रुबार्ब पायचे तुकडे करता करता ऑर्डिस म्हणाली. "यापुढे ट्वायलाने फक्त कुठला पाय खायचा ते सुचवावं."

ट्वायलाही हसली, पण तिचं बोट ताटलीच्या कडेवरून फिरत राहिलं.

प्रश्न असल्यास स्टार आणि एक दाबा, असं फोनमधली मुलगी सांगत होती. ट्वायलाने दाबलं.

"अगं, तिथे न्यूयॉर्कचे शेअरबाजारातले लोक बोलतात," व्हर्ना कुजबुजली.

तेवढ्यात मुलीने ट्वायलाचं नाव पुकारलंसुद्धा.

"साठलेली झाकणं कुठली आहेत?" ट्वायलाने विचारलं. "अरुंद तोंडाची की रुंद?"

पलीकडे कागद सळसळले. "रुंद, मॅडम. जवळजवळ सगळीच," कंपनीचे वित्तप्रमुख म्हणाले.

"तरीच. जॅम अरुंद बरणीत जातो. काकड्या आणि पीच रुंद. गेल्या ऑगस्टमध्ये मी रुंद झाकणांसाठी चार गावं पालथी घातली. शेवटी पीच फ्रीजरमध्ये कोंबले. यंदा आधीच करून ठेवलीत का?"

"हो." आता तो आवाज कागदावरून वाचत नव्हता. "दुकानांनी मागणी नोंदवलीय. मेमध्ये माल निघेल. खरं तर हे आम्हीच आधी सांगायला हवं होतं."

व्हर्नाची पेन्सिल थांबली.

पुढचा प्रश्न न्यूयॉर्कमधल्या एका तरुणाचा होता.

"मला आधीच्या मॅडमच्याच मुद्द्यावर विचारायचंय," तो म्हणाला. "त्या अजून लाइनवर आहेत का? काकड्या आधी येतात की पीच?"

ऑर्डिस तोंडावर रुमाल दाबून हसायला लागली. व्हर्नाने फोन दोन्ही हातांनी उचलला आणि ट्वायलाच्या तोंडापुढे धरला.

"सांग त्याला," ती म्हणाली. "सावकाश सांग. लिहून घेत असेल तो."